आमच्या नावाची दुसरी कंपनी

आमच्या नावाने बुकिंग घेणारी आणखी एक 'कंपनी' चालू आहे, हे आम्हाला पाहुण्यांकडून कळलं. उत्तर गोव्यात मांद्रेला आमच्याकडे नोंद असलेल्या एका घरासमोर भर दुपारी नाशिकचं एक कुटुंब टॅक्सीतून उतरलं. दोन लहान मुलं, आजी, सामान आणि हातात आमच्या लोगोची पावती. त्या खोल्यांत आमचे खरे पाहुणे आदल्या दिवसापासून राहात होते. घरमालकीण काकींनी मला फोन लावला. मी पावतीचा फोटो पाठवा म्हणेपर्यंत त्या सुनेला सांगत होत्या, "तांकां पयलीं उदक दियात, मागीर पळोवया." (आधी त्यांना पाणी द्या, मग बघू.) संध्याकाळी हरमलहून पुण्याच्या एका जोडप्याचा फोन आला. तेच घर, तीच पावती, तारीख दुसऱ्या दिवशीची.

आमचं काम साधं आहे. पेडणे, बार्देश आणि सत्तरी तालुक्यांत राहत्या घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या मालकांना आम्ही बुकिंगचं सॉफ्टवेअर देतो. पर्वरीत छोटं ऑफिस आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून विमानं सुरू झाली आणि पेडण्यातल्या घरांना पाहुणे मिळू लागले, तेव्हापासून आमचं बरं चाललंय. घरमालकाचा आणि पाहुण्याचा विश्वास, एवढंच आमचं भांडवल. बनावट बुकिंग घेणाऱ्या टोळीने नेमकं तेच उचललं होतं.

नाशिकच्या ताईंनी उरलेली रक्कम त्याच दिवशी सकाळी, विमानात बसण्याआधी भरली होती. हे आधी विचारून घेतलं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं. माझ्या सहकारीने त्यांना काकींच्या सोप्यावर बसवून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक लावून दिला. त्या फोनवर काय विचारतात ते आधी माहीत असलं तर वेळ वाचतो: कोणत्या बँकेतून पैसे गेले, किती, किती वाजता, आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक. हा क्रमांक मेसेजमध्ये नसला तर ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. ताईंचे हात थरथरत होते, त्यांच्या मोबाइलवर तो शोधायलाच बराच वेळ गेला. नंतर केंद्र सरकारच्या सायबर तक्रारींच्या पोर्टलवर रीतसर तक्रार, पावती आणि चॅटचे फोटो.

ही व्यवस्था एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर सुरू झाली, १९३० हा क्रमांक नंतर आला. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे सूचना जाते. पैसे तिथेच असले तर ती रक्कम होल्डवर जाते. पुढे सरकले असले तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. टोळीला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून पैसे पहिल्या खात्यात थांबतच नाहीत. एका खात्यातून तीन-चार खात्यांत, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी कोणीतरी एटीएममधून किंवा चेकने काढून घेतो. नाशिकच्या कुटुंबाची सकाळची रक्कम दुसऱ्या पातळीवरच्या एका खात्यात अडकली. आगाऊ म्हणून महिनाभर आधी भरलेली मात्र केव्हाच निघून गेली होती. पुण्याच्या जोडप्याने सगळे पैसे आधीच दिले होते, त्यांचं काहीच सापडलं नाही.

त्या रात्री आम्ही नाशिककरांना मोरजीतल्या दुसऱ्या घरात उतरवलं आणि खर्च कंपनीने केला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या जोडप्याचीही सोय केली. यावर आमच्यात वाद झाला, तो इथे सांगायला हवा. ओळखीच्या एका सल्लागाराचं मत होतं की वेबसाइटवर ठळक निवेदन टाका, 'आमच्या नावाने झालेल्या फसवणुकीला आम्ही जबाबदार नाही', आणि गप्प बसा. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. ज्या माणसाला फसवलं गेलं, त्याच्याकडे टोळीचा फोन नंबर आहे, खात्याचं नाव आहे, चॅट आहे, आवाजाचं रेकॉर्डिंग आहे. त्याला दारातून परत पाठवलं तर पुरावाही त्याच्यासोबत परत जातो. शिवाय तो माणूस आमच्या घरी राहायला आला होता. त्याने आमच्या नावावर भरवसा ठेवून पैसे दिले होते.

नाशिककरांच्या मोबाइलवरून टोळीच्या कामाची पद्धत दिसली. आमच्या नावात एक आडवी रेघ घालून घेतलेलं डोमेन (साइटचा पत्ता), आमच्याच साइटवरून उचललेले फोटो, इन्स्टाग्रामवर पैसे देऊन केलेली जाहिरात. जाहिरातीवरून व्हॉट्सॲप. तिथे एक मुलगी हिंदीत अतिशय नम्रपणे बोलते, घराजवळच्या देवळाचं नाव सांगते, समुद्र किती मिनिटांवर ते सांगते. मग 'अकाउंट्स'चा दुसरा माणूस क्यूआर कोड पाठवतो. तिसरा पावती पाठवतो. डोमेन घेणारा वेगळा, जाहिरात देणारा वेगळा, बोलणारी वेगळी, खाती पुरवणारा वेगळा आणि पैसे काढणारा त्याहून वेगळा. त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नसावीत.

केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत २०२३ साली देशातल्या लोकांचे सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ साली हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. वर्षभरात तिप्पट वाढ सुट्या भामट्यांच्या हातून होत नाही. म्यानमार, कंबोडिया, लाओसमध्ये या धंद्याची कुंपणबंद संकुलं उभी आहेत. तिथे नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांकडून जबरदस्तीने हे काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. आमच्याकडची टोळी तिथली होती असं मी म्हणत नाही. पण समोर व्हॉट्सॲपवर गोड बोलणारी मुलगी कोणत्या अवस्थेत बोलत असेल, हा विचार त्या दिवसांत मनातून गेला नाही.

कंपनी म्हणून आमची तक्रार रायबंदरच्या सायबर क्राईम पोलीस ठाण्यात दिली. अधिकाऱ्यांनी आमच्या जाड फाइलमधले स्क्रीनशॉट चाळले आणि विचारलं, "यातली पूर्ण लिंक कुठे दिसते?" बहुतेक फोटोंत पत्त्याची पट्टी कापलेली होती, पाहुण्यांनी मोबाइलवर जमेल तसे काढलेले. मग आम्ही सगळं नव्याने गोळा केलं. प्रत्येक बनावट पानाचा पूर्ण पत्ता, उघडल्याची तारीख आणि वेळ, पानाची साठवलेली प्रत, जाहिरातीची लिंक, व्हॉट्सॲप चॅट फोनमधून पूर्ण एक्स्पोर्ट केलेलं.

त्याच्या जोडीला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हेच ६५ब होतं. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत. पहिला भाग ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. लॅपटॉपची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि दिलेल्या फाइलची हॅश किंमत. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी तो पूर्ण बदलतो, त्यामुळे कोर्टात दाखवलेली फाइल तीच आहे का ते तपासता येतं. आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे दोन मिनिटांचं काम. एकट्या पाहुण्याला ते डोंगराएवढं वाटतं. तेव्हापासून असं कुटुंब आमच्याकडे आलं की त्यांच्या फाइलची हॅश काढून, पहिल्या भागाचा नमुना समोर ठेवून, भरायला आम्ही मदत करतो. माझ्या मते छोट्या स्टार्टअपने करण्यासारखं याहून उपयोगी काम फार थोडं आहे. आणि त्याला जवळजवळ खर्च नाही.

वेळेचा मुद्दाही तिथेच निघाला. आमच्या सर्व्हरच्या नोंदी आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत होत्या, बँकेचे उतारे भारतीय वेळेत. साडेपाच तासांचा फरक प्रत्येक ओळीला मनात धरून पोलिसांनी ताळा कसा घालायचा? आम्ही दोन्ही वेळांचे रकाने शेजारी शेजारी लावून दिले.

गुन्हा फसवणूक आणि तोतयेगिरीच्या कलमांखाली, सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी आणि ६६डी लावून नोंदला. मी संघटित गुन्हेगारीच्या कलमाबद्दल विचारलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये सायबर गुन्हे स्पष्टपणे आहेत. अधिकाऱ्यांनी समजावलं की त्यासाठी बेकायदा काम सतत चाललेलं असावं लागतं आणि मागच्या दहा वर्षांत त्याबाबत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात. आरोपी कोण ते कळल्यावर त्याचा विचार. "म्हणूनच वेगवेगळ्या तक्रारी एकमेकांना जोडता यायला हव्यात," ते म्हणाले. हे वाक्य मी ऑफिसात येऊन सगळ्यांना सांगितलं, कारण पुढचं आमचं बरंच काम त्यातून निघालं.

डोमेन बंद करणं हा वेगळाच व्याप. ते कोणाच्या नावावर आहे ते आम्हाला दिसत नाही, नोंदणीत मालकाची माहिती झाकलेली असते. ती मागण्याचा अधिकार पोलिसांना आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस काढून. आम्ही एवढंच करू शकतो की डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या गैरवापर विभागाला आणि साइट ज्याच्या सर्व्हरवर चालते त्या होस्टिंगवाल्याला पुराव्यासह लिहायचं, आणि गुगल सेफ ब्राउझिंगला कळवायचं म्हणजे ब्राउझर लाल इशारा दाखवतो. एका विक्रेत्याने तातडीने बंद केलं. दुसऱ्याकडून नुसती आपोआप जाणारी उत्तरं येत राहिली आणि तेवढ्यात आणखी लोक फसले. त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही. डोमेन विकताना पैसे घ्यायला लागणारा वेळ आणि तक्रार वाचायला लागणारा वेळ यांत इतकं अंतर का असावं?

एक बंद होईपर्यंत दुसरं उभं राहात होतं. मग सहकारीने वेगळी वाट काढली. साइटचं डिजिटल प्रमाणपत्र नसलं तर ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा इशारा देतो आणि लोक पैसे भरत नाहीत, म्हणून टोळीला त्या बनावट साइटसाठी ते घ्यावंच लागतं. आणि अशी प्रमाणपत्रं सार्वजनिक नोंदवह्यांत लिहिली जातात. २०१८ पासून क्रोम ब्राउझर नव्या प्रमाणपत्रांसाठी तशी नोंद मागतो. या नोंदी कोणालाही वाचता येतात. तिने एक लहानसा प्रोग्राम लिहिला. आमच्या नावाशी मिळतंजुळतं, रेघ घातलेलं, 'गोवा' किंवा 'बुकिंग' जोडलेलं कोणतंही नाव तिथे आलं की आम्हाला मेसेज येतो. जाहिरात सुरू होण्याआधी साइट सापडण्याची ही पहिली संधी. पूर्वी आम्हाला पाहुणा फसल्यावर कळायचं.

मग सगळ्यात अवघड प्रश्न. काही खऱ्या पाहुण्यांनाही मेसेज गेले होते, 'तुमचं बुकिंग रद्द होत आहे, पुन्हा पैसे भरा', नाव आणि तारखेसह. ही माहिती बाहेर कशी गेली? सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आम्ही वेळेत कळवलं. नोंदी होत्या म्हणून शोधता आलं. एका घरमालकाच्या खात्यात अनोळखी ठिकाणाहून प्रवेश झाला होता. त्यांना 'पाहुण्याची तक्रार' म्हणून एक लिंक आली होती, तिथे आमच्यासारखंच पान होतं, त्यांनी पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही भरले होते. त्या माणसाला मी जराही दोष देत नाही. पाहुणा नाराज आहे म्हटल्यावर गोव्यातला कोणता यजमान लिंक उघडणार नाही?

ज्यांची माहिती दिसली असण्याची शक्यता होती त्या सगळ्या पाहुण्यांना आम्ही फोन केले, पत्रही पाठवलं. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याने लागू व्हायच्या आहेत. आम्ही त्यासाठी थांबलो नाही. लोकांना आजच सावध करायचं तर आजच सांगायला हवं.

पासवर्ड आणि ओटीपी काढून टाकून आम्ही पासकी आणली, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या लॉकने उघडणारी डिजिटल किल्ली. ती फोनमध्ये असते आणि खऱ्या डोमेनवरच चालते. हुबेहूब नक्कल केलेल्या पानावर फोन ती देतच नाही, मालकाने कितीही प्रयत्न केला तरी. तंत्र सोपं आहे, घरोघरी नेणं सोपं नाही. केरीला एका घरात फोन मुलाचा, पासवर्ड सुनेच्या वहीत आणि ओटीपी मुंबईच्या नातवाकडे जात होता. तिथे बसून, चहा घेत, कोण खरोखर बुकिंग बघतं ते ठरवून, त्या माणसाच्या फोनवर पासकी बसवावी लागली. तिथल्या आजोबांनी बोट टेकवून पहिल्यांदा खातं उघडलं आणि म्हणाले, "बाबा, हें माझें बोट कोण घेवन वचना मरे?" (हे माझं बोट कोणी घेऊन जाणार नाही ना?) त्यांचं समाधान होईपर्यंत आम्ही उठलो नाही. पावसाळ्याचे जवळजवळ सगळे महिने यात गेले आणि नवीन सुविधांचं काम पुढे ढकलावं लागलं. गुंतवणूकदाराला ते आवडलं नाही. मी त्यांना सांगितलं, हीच यंदाची सुविधा.

पैसे भरण्याच्या पानावर एक वाक्य मोठ्या अक्षरांत टाकलं: 'पैसे भरताना तुमच्या ॲपमध्ये हेच नाव दिसलं पाहिजे', आणि खाली कंपनीचं नोंदणीकृत नाव. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपला समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं, स्वतः ठेवलेलं टोपणनाव चालत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यावर आमचं नाव येऊच शकत नाही. प्रत्येक घराच्या पानावर पर्यटन खात्याकडचा नोंदणी क्रमांकही दिला. गोव्याच्या पर्यटन व्यवसाय नोंदणीच्या १९८२ च्या कायद्याप्रमाणे तो मालकांकडे असतोच, तो फक्त भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेला असायचा. मोपाला उभ्या राहणाऱ्या ओळखीच्या टॅक्सीवाल्यांनाही सांगून ठेवलंय. पाहुण्याने आमच्या एखाद्या घराचं नाव सांगितलं आणि पावती वेगळी वाटली, तर ते गाडी काढण्याआधी आम्हाला फोन करतात.

आता तक्रारी जोडण्याबद्दल. मडगावची एक कंपनी आमची सरळ स्पर्धक आहे. फातोर्ड्याला डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या 'फायर' या, नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये आमची तोंडओळख झाली होती, एवढंच. मी त्यांना फोन करून विचारलं, तुमच्या नावाने असं काही चाललंय का. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग ते म्हणाले, "आम्ही कोणाला सांगितलं नाही." स्टार्टअपच्या जगात हे सगळीकडे आहे. फसवणुकीची बातमी फुटली तर गुंतवणूक थांबेल, ग्राहक पळतील, म्हणून जो तो आपापल्या खोलीत झुंजत राहतो. टोळीला तेच हवं असतं.

आम्ही दोघांनी याद्या शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे एक व्हॉट्सॲप नंबर सारखा निघाला. मग स्कूटर भाड्याने देणारी एक कंपनी आणि बोटीच्या सहली विकणारी एक अशा आणखी दोघी आल्या. स्कूटरवाल्यांच्या पाहुण्यांनी ज्या खात्यात पैसे भरले होते, त्यातलं एक खातं आमच्या पुण्याच्या जोडप्याच्या पावतीवरही होतं. महिनोन् महिने वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या तक्रारींत एकच साखळी होती. ती पूर्ण जोडणी आम्ही तक्रार क्रमांकांसह रायबंदरला दिली.

अशी यादी सांभाळताना काळजी लागते. खातं ज्याच्या नावावर आहे तो स्वतः फसलेला असू शकतो. पोलिसांकडून कळलं की आमच्या प्रकरणातलं एक खातं परराज्यातल्या कॉलेजच्या मुलाचं होतं, काही हजारांच्या बदल्यात त्याने पासबुक आणि सिमकार्ड दिलं होतं. म्हणून नावं आम्ही एकमेकांना देत नाही, समाजमाध्यमांवर तर काहीच टाकत नाही. डोमेन, फोन नंबर, यूपीआय आयडी आणि पोर्टलवरचा तक्रार क्रमांक एवढंच. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या (आय४सी) पोर्टलवर संशयित नंबर किंवा खातं तपासायची सोय आहे, तिथे आधी बघायचं असा आमचा नेम आहे.

होल्डवर गेलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, हे नाशिकच्या ताईंना आधीच सांगितलं होतं. त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. आमच्या वकिलांनी फी न घेता मसुदा करून दिला, पोलिसांचा अहवाल जोडला, आदेश झाला आणि सकाळी भरलेली ती रक्कम त्यांच्या खात्यात आली. पुण्याच्या जोडप्याला अजून काही मिळालेलं नाही. त्यांना दर थोड्या दिवसांनी फोन करतो, सांगण्यासारखं नसलं तरी.

गेल्या आठवड्यात आमच्या नावाला 'ऑफिशियल' जोडलेलं नवं डोमेन नोंदवहीत दिसलं. या वेळी मडगावच्या कंपनीने ते आमच्याआधी पाहिलं, कारण आता चौघांची नावं चौघेही तपासतो. साइटवर अजून फोटोही चढले नव्हते. ठरलेल्या नमुन्यात विक्रेत्याला लिहिलं, ते बंद झालं. त्याची फाइल, हॅश आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह, पहिल्या गुन्ह्याचा क्रमांक वर लिहून रायबंदरला दिली आहे.